तुम्ही फोन ठेवला नाहीत, मॅडम

आदरणीय मॅडम,

परवा रात्रभर बंद असलेला बोर्ड सकाळी सुरू केला. चिप पूर्ण गार, आणि एकही चूक नाही. त्या दिवशी फोनवर मला नीट आभार मानता आले नव्हते, घसा दाटून आला होता. म्हणून हे पत्र.

तुम्हाला गाठण्याआधी तीन आठवडे मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत होतो. एफपीजीएवरचं, म्हणजे हवं तसं सर्किट आत घडवता येणाऱ्या चिपवरचं, माझं डिझाइन सुरुवातीला चुकतं, पाच-सात मिनिटांत चिप तापली की सुरळीत चालतं. ऐकणाऱ्याला ते उलटं वाटायचं. "तापलं की लॉजिक मंदावतं, एवढंही माहीत नाही?" पंखा लावायला सांगितलं, लावला. चुका वाढल्या. ते सांगितलं तर माझी नोंदच खोटी ठरली. एका वरिष्ठांनी टायमिंग रिपोर्टवर, म्हणजे सिग्नल वेळेत पोहोचतात का याच्या गणितावर, नजर फिरवली, "टायमिंग पास आहे, तुझा कोड तपास" म्हणाले आणि निघून गेले. वर्षानुवर्षं एफपीजीएवर काम केलेली माणसं ही! त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही पहिलंच विचारलंत, "आत्ता चिप गरम आहे ना? मग बंद करा. पुरती गार होऊ दे, मी आहे फोनवर." आणि खरंच थांबलात. पंचवीस मिनिटं. पलीकडून तुमच्या कीबोर्डचा आवाज येत होता. मधेच एकदा "झाली का गार?" एवढंच. मी बोर्ड सुरू केला, चुकांचा आकडा वाचून दाखवला, आणि तुम्ही म्हणालात, "तुमची नोंद बरोबर आहे." मॅडम, तीन आठवड्यांत हे वाक्य मला कोणीच म्हटलं नव्हतं.

पुढचं तुमच्यासाठी सोपं होतं. आधीच्या कोणाकडून आलेल्या माझ्या स्क्रिप्टमध्ये हे गणित एकाच मॉडेलवर, म्हणजे चिपच्या एकाच गृहीत स्थितीवर, तपासलं जात होतं: स्लो (सगळ्यात मंद चिप), ८५ अंश. ० अंशाचं स्लो मॉडेल लावताच सेटअप स्लॅक उणे आला, म्हणजे डेटा क्लॉकच्या ठोक्याआधी वेळेत पोहोचत नव्हता. तापमान वाढलं की मोबिलिटी (विद्युतभार वाहण्याची सहजता) घटते आणि ट्रान्झिस्टर मंदावतो, हे मलाही पाठ होतं. पण त्याच वेळी थ्रेशोल्ड व्होल्टेजही (ट्रान्झिस्टर सुरू व्हायला लागणारं व्होल्टेज) उतरतं, आणि त्याने तो वेगवान होतो. कोअर व्होल्टेज, म्हणजे चिपच्या आतल्या लॉजिकला मिळणारं व्होल्टेज, भरपूर असताना मोबिलिटीचं पारडं जड. व्होल्टेज कमी होत गेलं तसं थ्रेशोल्डचं पारडं जड होऊ लागलं, आणि गार चिपच काही मार्गांवर हळू ठरू लागली. माझ्या बोर्डावर तर कोअर व्होल्टेज परवानगीच्या अगदी खालच्या कडेला होतं. होल्डसाठी, म्हणजे ठोक्यानंतर जुना डेटा क्षणभर टिकतो का या तपासणीसाठी, फास्ट (सगळ्यात वेगवान चिपचं) मॉडेल का पाहायचं, तेही तेव्हाच उमगलं: तिथे डेटा फार लवकर पोहोचण्याचंच भय असतं, आणि क्लॉक कितीही कमी केला तरी ते टळत नाही. हे अंश खोलीचे नसून जंक्शनचे, म्हणजे चिपच्या आतल्या सिलिकॉनचे, हे तुम्ही दोनदा बजावलंत.

हे सारं कुठेतरी लिहिलेलं असणारच. पण आपल्याला ठाऊक असलेल्या नियमापेक्षा समोरच्याने डोळ्यांनी पाहिलेलं आधी खरं धरायचं, हा भलेपणा आहे. ज्ञान असूनही तो नसला की माणूस पंखा लावायला सांगतो.

पंखा काढून टाकलाय. स्क्रिप्टमध्ये आता तिन्ही मॉडेलं आहेत. गार चिपवरच्या चाचण्यांच्या नोंदी तुम्हाला पाठवतोय. वाचायला सवड नाही मिळाली तरी चालेल, तुमच्याकडे असाव्यात एवढंच.

तुमचा ऋणी