सराव प्रश्नपत्रिकांतले कोन मोजून मगच छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीसाठी सोलापुरात पाचवीच्या मुलांना सराव प्रश्नपत्रिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे सोडवायला देतात. त्यातले ‘कोन मोजून योग्य पर्याय निवडा’ हे प्रश्न पाहून जीव तुटतो. कोनाच्या भुजा जेमतेम २ सेंटिमीटर आणि पर्याय ५८, ६०, ६२ अंश! कंपासपेटीतल्या कोनमापकाची त्रिज्या साधारण ५ सेंटिमीटर, म्हणजे भुजा अंकांपर्यंत पोचतच नाही. पट्टी लावून वाढवायला जावे, तर २ सेंटिमीटरवर पट्टी १ मिलिमीटर सरकली तरी जवळपास ३ अंशांचा फरक पडतो. पोराने कितीही जपून मोजले तरी उत्तर चुकते.

त्यात आकृत्यांची ओढाताण. झेरॉक्समध्ये आकृती सारख्या प्रमाणात लहान झाली तर कोन बदलत नाही. पण टायपिंग करताना रकान्यात बसावी म्हणून ती नुसती रुंदीला १० टक्के ताणली, की आडव्या भुजेवरचा ४५ अंशांचा कोन ४२ भरतो. उत्तरसूचीत मात्र ४५ तसेच राहतात आणि बरोबर मोजणाऱ्याचाच गुण जातो.

मुलांकडूनही चुका होतात, पण त्या वेगळ्या. कोनमापकाची खालची कड हीच आधाररेषा समजून ती भुजेवर ठेवली जाते. खरी आधाररेषा बहुतेक कोनमापकांवर कडेपासून थोडी वर असते. हे अंतर ५ मिलिमीटर असेल, तर ३० अंशांचा कोन २५ दिसतो. काटकोन मात्र तरीही ९० च येतो! त्यामुळे काटकोनावरच सराव घेतला तर ही चूक शिक्षकांच्याही लक्षात येत नाही. आतल्या-बाहेरच्या अंकांचा घोळ त्यामानाने लवकर सुटतो. कागदाचा कोपरा लावून कोन लघु की विशाल ते आधी ठरवावे आणि भुजेवर ज्या ओळीतले शून्य आले त्याच ओळीत पुढे वाचावे. मग ७० चे ११० होत नाहीत.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. मोजायच्या कोनाची भुजा किमान ६ सेंटिमीटर ठेवा, पर्यायांत निदान ५ अंशांचे अंतर असू द्या आणि छापून आलेल्या प्रतीवर स्वतः कोनमापक ठेवून उत्तरसूची तपासा. आकृती मोजण्यासाठी नसेल, तर तिच्याखाली ‘आकृती प्रमाणात नाही’ एवढे तरी छापा.

– एक गणित शिक्षक, सोलापूर