बारा गावचं पाणी प्यालेला कोच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात खेळाच्या पानावर अर्धं पान इंग्लंडमधल्या कुठल्याशा फुटबॉल खेळाडूला कुठला क्लब किती पाउंडाला घेणार यावर होतं, आणि त्याच पानाच्या तळाला, गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीला चिकटून, पुण्याच्या लीगमधल्या एका मॅचचा निकाल तीन ओळीत, त्यात गोल कोणी मारले तेसुद्धा नाही. तक्रार करायची म्हणून पेपर उघडला नव्हता, पण चहा गार होईपर्यंत ते पान बघत बसलो आणि म्हटलं लिहूनच टाकू.

मला एका स्कॉटिश फुटबॉल कोचबद्दल सांगायचंय. डिक कॅम्पबेल. आपल्याकडं शंभरात एकाला नाव माहीत असेल तर नशीब. 1953 चा जन्म, फाइफ म्हणून कोळशाच्या खाणींचा भाग आहे तिथला. खेळाडू म्हणून काउडनबीथ, ब्रेकिन असल्या छोट्या छोट्या क्लबांत आयुष्य गेलं, सेल्टिक-रेंजर्ससारखे तिथले बडे क्लब लांबच राहिले. मग कोच झाला तेही तसंच, डनफर्मलिन, ब्रेकिन, पार्टिक थिसल, रॉस काउंटी, फोरफर. म्हणजे अक्षरशः बारा गावचं पाणी प्यालेला माणूस. डोक्यावर कायम चपटी टोपी, आणि बाजूला बऱ्याच वेळा तसाच दिसणारा दुसरा माणूस, तो त्याचा जुळा भाऊ इयन, असिस्टंट म्हणून. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं मोबाइलची स्क्रीनच डबल दिसतीये.

मार्च 2016 मध्ये हा माणूस आर्ब्रोथला आला. स्कॉटलंडमध्ये लीगचे चार मजले, वरच्या मजल्यावर 12 क्लब आणि खालच्या तिन्हीत दहा-दहा. आर्ब्रोथ तेव्हा अगदी तळमजल्यावर. 2017 ला तिथून वर, 2019 ला आणखी एक मजला वर, आणि 2021-22 च्या सीझनला चक्क वरून दुसऱ्या मजल्यावर महिनोन्महिने पहिल्या नंबरवर! आणि टीम पार्ट-टाइम, बरं का. पोरं दिवसा नोकरी करून आठवड्यातनं दोनदा संध्याकाळी प्रॅक्टिसला येणारी. त्यातला बॉबी लिन नावाचा विंगर, म्हणजे कडेनं पळणारा फॉरवर्ड, डंडी शहरात कचऱ्याच्या गाडीवर कामाला होता, आपल्या भाषेत घंटागाडी, पहाटे डबे उचलायचे आणि शनिवारी दुपारी फुल-टाइम पगार घेणाऱ्या डिफेंडरला पळवायचं. समोर किल्मार्नॉक, पार्टिक, इनव्हर्नेस असले क्लब. गावाची लोकसंख्या सांगतो, साधारण 24 हजार. आमच्या कोथरूडमध्ये दोन-चार गल्ल्या धरल्या तर तेवढी भरेल.

22 एप्रिल 2022 ला शुक्रवारी किल्मार्नॉकच्या ग्राउंडवर मॅच होती, जिंकले असते तर पहिल्या नंबरची रेस शेवटच्या आठवड्यापर्यंत चालू राहिली असती, आणि गंमत म्हणजे आर्ब्रोथ आधी पुढं होतं. मी इथं रात्री दीड वाजता हेडफोन लावून अंधारात बसलेलो, बायको उठून विचारती काय झालं, मी म्हटलं झोप तू. शेवटच्या मिनिटांत गोल खाल्ला, 2-1 ने हरले. किल्मार्नॉकचे शेवटी 67 पॉइंट, यांचे 65. मग प्लेऑफमध्ये, म्हणजे वर जायच्या दुसऱ्या संधीत, इनव्हर्नेसशी दोन मॅच, दोन्हीत गोल शून्य, इनव्हर्नेसचे दोन जण रेड कार्ड घेऊन बाहेर तरी यांना एक गोल घालता आला नाही आणि पेनल्टीवर हरले. तो गोल न घालता येणं मला अजून पचलेलं नाही, अगदी खरं सांगतो.

2023 च्या मार्चमध्ये पोरगी डंडीला एमएस्सीला होती म्हणून आम्ही दोघं गेलो होतो, तेव्हा हट्टानं एक शनिवार आर्ब्रोथसाठी ठेवला. डंडीहून ट्रेननं वीस-पंचवीस मिनिटं. गेफील्ड नावाचं ग्राउंड आहे, आणि समुद्र त्याला इतका लागून की भिंतीच्या पलीकडं लगेच नॉर्थ सी, वादळ असलं की लाटा भिंतीवरून आत येतात. त्या दिवशी वादळ नव्हतं, नुसता वारा होता, तरी हातातल्या कागदी कपात चहाला लाटा येत होत्या आणि हाफ-टाइमला चष्मा पुसला तर काचेवर मीठ. गोलकीपरनं लांब किक मारली, चेंडू मधल्या वर्तुळापर्यंत गेला आणि थबकून मागं आला. बायको म्हणाली यापेक्षा आपला लोहगडाचा विंचूकाटा बरा. आमच्या शेजारी उभे असलेले एक आजोबा प्रत्येक थ्रो-इनला काहीतरी ओरडत होते, एक शब्द कळला नाही, पण सूर अगदी ओळखीचा, शाहू स्टेडियममधला.

मी मूळचा कोल्हापूरचा. पाटाकडील आणि बालगोपालची मॅच असली की रविवारी घरातला स्वयंपाक उशिरा, हे ज्यांनी बघितलंय त्यांना गेफील्डमध्ये परकं वाटणार नाही. तालमीचा क्लब, पेठेतली पोरं, शिकवणारा माणूस पण पेठेतलाच, तो उद्या हरला तर परवा त्याला चहाच्या टपरीवर उत्तर द्यायचं असतं. आर्ब्रोथचा क्लब 1878 चा आहे. 12 सप्टेंबर 1885 ला त्यांनी बॉन अकॉर्ड नावाच्या टीमला 36-0 ने हरवलं, जॉकी पेट्रीचे एकट्याचे 13 गोल, आणि तेव्हा गोलपोस्टला जाळी नसायची म्हणजे प्रत्येक वेळी चेंडू आणायला पळायचं. त्याच दिवशी डंडी हार्पनं 35-0 जिंकली होती आणि त्यांना नक्की वाटलं असणार की आज पेपरात आपलंच नाव!

आता कोणी म्हणेल पुण्याच्या पेपरात स्कॉटलंड कशाला. तर साहेब, 1888 ला हिमाचलातल्या डगशाईला पहिला ड्युरंड कप, आपल्याकडची सगळ्यात जुनी फुटबॉल स्पर्धा, झाला त्याच्या फायनलला दोन्ही टीम स्कॉटिश पलटणी होत्या, रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्सनी हायलँड लाइट इन्फंट्रीला हरवलं. नातं जुनंच आहे.

आणि आपलं काय झालं ते आठवा. पुणे एफसी 2007 ला आलं, 2012-13 ला आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या लीगमध्ये, दुसरं आलं, बालेवाडीला आम्ही पीएमटी बदलत बदलत जायचो (पीएमपीएमएल म्हणायचं, सवय जात नाही). बंद. भारत एफसी एक सीझन, बंद. एफसी पुणे सिटी 2014 ला आलं, 2017-18 ला आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, सेमीफायनलपर्यंत गेलं, 2019 ला ते पण संपलं. आणि त्या पाच सीझनमध्ये दर सीझनला कोच नवा, डेव्हिड प्लॅट काय, हबास काय, पोपोविच काय, सगळी मोठी माणसं, पण नाव पाठ होईपर्यंत विमानात. डिक कॅम्पबेल आर्ब्रोथला साडेसात वर्षं होता, नोव्हेंबर 2023 ला टीम गडगडायला लागली तेव्हा तिथून बाहेर पडला. 2024 ला ईस्ट फाइफ क्लबनं बोलावलं, सत्तरी ओलांडलेली, तरी टोपी घालून हजर, आणि 2025 ला त्यांना एक मजला वर नेलं. हे काय फार रोमँटिक आहे असं नाही, त्याला मधे मधे काढूनही टाकलेलं आहे, ते त्या धंद्यात असतंच.

मला वाटतं फरक पैशाचा आहे तेवढाच लिहिण्याचा पण आहे. तिथं अगदी तळमजल्यावरच्या क्लबचा लेफ्ट-बॅक कोण, दुखापत कुठं झाली, कोच मॅचनंतर काय बोलला हे सगळं सोमवारी छापून आलेलं असतं, त्यामुळं कचऱ्याच्या गाडीवरचा विंगर अख्ख्या देशाला माहीत. आपल्याकडं माझा नातू ज्यांच्याकडं शिकतो ते सर एका कारखान्यात सेकंड शिफ्ट करतात, सकाळी स्कूटरला जाळीत आठ चेंडू बांधून येतात, दोन चेंडूंची शिलाई उसवलेली. ते स्वतः कॅम्पातल्या दोन क्लबांकडून आणि एका कंपनीच्या टीमकडून खेळलेले, एसएसपीएमएसच्या ग्राउंडवरचे त्यांचे किस्से ऐकायचे असतील तर चहा घेऊन बसावं लागतं. त्यांचं नाव आजवर एकदाही कुठं छापून आलेलं नाही, मी विचारलं होतं. हसले आणि म्हणाले काका, एकदा आलं होतं, पण आडनाव चुकलेलं.

तर विनंती एवढीच की आठवड्यातून एक दिवस, सोमवारी म्हणा, पुण्याच्या लीगचे सगळे निकाल छापा, गोल कोणी मारले ते छापा, आणि कोचचं नाव आडनावासकट बरोबर छापा. अर्धा कॉलम पुरे, पाउंडातले आकडे थोडे कमी केले तर बसेल. बातमीदार पाठवणार असाल तर येत्या रविवारी सात वाजता आमच्या पोरांची मॅच आहे. ग्राउंडवर शनिवारी लग्नाचा मांडव आहे, त्यामुळं साडेसहालाच यावं लागेल, आधी सगळे मिळून मांडवाचे खिळे वेचतो आणि मग टॉस. बूट घालून यायला सांगा.

आपला,
एक जुना वाचक
कोथरूड, पुणे