माळ्यावरचा येशू

प्रिय बाळा,

आईचा सप्रेम सलाम.

तुझा रविवारचा मेसेज तीनदा वाचला. हॉलमधली येशूची तसबीर उतरवा, देवाच्या दहा आज्ञांपैकी दुसरी, मूर्ती करू नको ही आज्ञा मोडतेय, एवढंच. बाबांचा हात कसा आहे, तेही विचारलं नाहीस. असो. फोनवर बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून लिहितेय.

तू चार वर्षांचा होतास. घराला रंग द्यायचा होता, म्हणून ती तसबीर चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली. रात्री प्रार्थनेला बसलो तर तू डोळेच मिटेनास. म्हणालास, "येशू माळ्यावर आहे, त्याला ऐकू कसं जाईल?" आम्ही हसलो. मला मात्र नंतर झोप लागली नाही. संडे स्कूलमध्ये दुसऱ्यांच्या पोरांना मी शिकवत होते की देव सर्वत्र आहे, आणि माझ्या पोराचा देव चादरीत बांधून पडला होता.

म्हणजे तू म्हणतोस त्यात तथ्य आहे. तो लांब केसांचा, उजळ चेहरा तरी कुठला? शिकागोच्या वॉर्नर सॉलमन नावाच्या चित्रकारानं १९४० साली रंगवलेल्या चित्राची ती नक्कल. येशूचं चरित्र सांगणारी बायबलमधली चारही शुभवर्तमानं चाळून बघ, येशू दिसायला कसा होता यावर एक ओळ नाही. त्यातल्या एकात योहानानं जाळ्यातले मासे मोजून १५३ असा आकडा लिहून ठेवला, पण नाक-डोळे सांगितले नाहीत!

मात्र रूमवरच्या वसईच्या मुलाशी तू घातलेला वाद मला आवडला नाही. कॅथलिकांनी दुसरी आज्ञा गाळली, असं तू त्याला म्हणालास. ते खरं नाही. मूर्तीची मनाई ते पहिल्या आज्ञेतच धरतात आणि लोभाची आज्ञा दोन भागांत मोजतात. बेरीज दहाच. प्रोटेस्टंटांमधली लूथरन मंडळीही जवळपास तसंच मोजतात. मरियेपुढं मेणबत्ती लावताना त्याच्या मनात काय असतं, हे तू त्याला विचारलंस का? आधी विचार, मग बोल.

आणि मूर्ती म्हटली की सगळी वाईट, इतकं ते सोपंही नाही रे. आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीवर, कराराच्या कोशावर, सोन्याचे दोन करूब, म्हणजे पंखवाले देवदूत होते, देवानंच करवून घेतलेले. पण तो म्हणाला, मी बोलेन ते त्या दोघांच्या मधून. आणि मधे काय होतं? काहीच नाही. पुढं इसवी सन पूर्व ६३ मध्ये रोमचा सेनापती पाँपे यरुशलेमच्या मंदिरात थेट परमपवित्रस्थानापर्यंत, म्हणजे सगळ्यात आतल्या खोलीपर्यंत घुसला. तिथं त्याला देवाची मूर्ती सापडली नाही. मला ही गोष्ट फार आवडते. एवढी लढाई करून आत शिरला बिचारा, आणि समोर रिकामी खोली.

उलट मोशेचा पितळी साप बघ. तोही देवाच्याच सांगण्यावरून केलेला. त्याच्याकडे बघून साप चावलेली माणसं वाचली. पुढं लोक त्याच्यापुढं धूप जाळायला लागले, तेव्हा हिज्कीया राजानं तो फोडून टाकला. तेव्हा तू तसबिरीला घाबरतोस ते मी समजू शकते. मला भीती वाटते ती खिळ्याला टांगता न येणाऱ्या तसबिरींची.

बाबांना पक्षाघात झाला तेव्हा मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून देवाला हिशेब सांगत होते. इतकी वर्षं संडे स्कूल शिकवलं, कमाईचा दशांश चर्चला द्यायला कधी चुकले नाही, आणि आता हे? बोलता बोलता माझं मलाच कळलं की मी कोणाशी बोलतेय. रेशनच्या दुकानदाराशी! कार्ड दाखवलं की त्यानं माप घालायचं. हा देव मीच घडवला होता, आणि भिंतीवर नसल्यामुळं तो कधी कोणाच्या नजरेला आला नाही.

त्याच सुमारास शेजारच्या काकूंनी सहज विचारलं, "तुम्ही डोळे मिटता तेव्हा डोळ्यांपुढं काय आणता?" मला उत्तर देता येईना. मग बायबल पुन्हा वाचायला घेतलं, फक्त एवढं बघायला की देव स्वतःबद्दल काय म्हणतो. मेंढपाळ, खडक, बाप हे आपल्याला पाठ आहेत. पण यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात तो वेणा देणाऱ्या बाईसारखा कण्हतो, आई लेकराला समजावते तसं समजावतो. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात तो पिलं हिरावलेली अस्वल होतो आणि चक्क कापडाला लागणारी कसरही होतो. येशू स्वतःला कोंबडी म्हणवतो, पंखांखाली पिलं घेणारी. एक चित्र डोळ्यांपुढं ठरतंय तोवर दुसरं येऊन त्याला हलवतं. मेंढपाळावर विसावावं, तर अस्वल येतं. माझा दुकानदार असाच गेला, एकदम नाही, हळूहळू. अजूनही महिन्याच्या शेवटी कधीकधी डोकावतो.

काकूंना अजून उत्तर दिलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात रंगारी येणार आहेत, म्हणजे तसबीर उतरेलच. परत लावायची की नाही ते नाताळला तू आलास की ठरवू. लावायची ठरली तर खिळा तुलाच ठोकावा लागेल, बाबांचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

वसईच्या मुलालाही घेऊन ये. करंज्या त्याच्यापुरत्या जास्त करीन.

तुझी,
आई