शिक्षावाढीचे अपील मुदतीत करा, नाहीतर करू नका : विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

आरोपी दोषी ठरला पण शिक्षा फार कमी झाली, तर ती वाढवून मागण्यासाठी अपील करण्याचा अधिकार सरकारचा आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 418). पीडिताला तो नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये परविंदर कंसल प्रकरणात स्पष्ट केले. आरोपीच्याच अपिलात उच्च न्यायालयाने शिक्षा वाढवू नये, असे 2025 मध्ये नागराजन प्रकरणात सांगितले. म्हणून हा अधिकार कधी वापरायचा आणि कधी नाही, याला लेखी मर्यादा हव्यात.

आधी मुदत. दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात 30 दिवस. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सत्र न्यायालयाच्या निकालावर छत्रपती संभाजीनगर खंडपीठात 60 दिवस. अपिलाला लागणाऱ्या निकालाच्या नकलेवरील शिक्क्यात तीन तारखा असतात : अर्ज केल्याची, प्रत तयार झाल्याची, प्रत नेल्याची. मुदतीतून वजा होतात ते पहिल्या दोन तारखांमधले दिवस. अर्जच निकालानंतर दहा दिवसांनी पडला तर ते दहा दिवस गेले, आणि तयार प्रत न नेता पडून राहिली तर तेही गेले. मग सरकारी वकिलांचा अभिप्राय, टिप्पणी, मंजुरी आणि शेवटी विलंबमाफीचा अर्ज. फाइल फिरत होती हे कारण पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच पोस्टमास्टर जनरल प्रकरणात बजावले आहे. अपील हुकल्यावर रिव्हिजनही (वरच्या न्यायालयाकडून निकालाची फेरतपासणी) मागता येत नाही; त्याच संहितेचे कलम 442(4) आड येते.

सत्र न्यायालयाने अपिलात शिक्षा कमी केली असेल, तर गोष्ट वेगळी. कलम 418 मूळ खटल्यातल्या शिक्षेबद्दल बोलते. तिथे सुरक्षित मार्ग रिव्हिजनचा, मुदत 90 दिवस. चुकीच्या कलमाखाली दाखल झालेले प्रकरण दुरुस्त होईपर्यंत हीही मुदत निघून जाते.

उशिराच्या अपिलाचा मार कोणाला बसतो? नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याचा माणूस शिक्षा भोगून सुटतो आणि ऊसतोडीला गुजरातेत जातो. नोटीस पाड्यावर पोचते, तो तिथे नसतो. शिक्षा वाढवण्याआधी त्याचे म्हणणे ऐकणे कायद्याने सक्तीचे आहे, त्यामुळे प्रकरण वर्षानुवर्षे तुंबते. तो हजर झालाच, तर त्याच अपिलात कलम 418(3) खाली निर्दोष सुटकाही मागू शकतो. पुरावा तोळामासा असताना सरकारने अपील केले, तर हातातली दोषसिद्धीही जाऊ शकते. वाढीलाही मर्यादा आहे. प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांना एका गुन्ह्यासाठी तीन वर्षांहून अधिक कैद देता येत नाही, म्हणून त्यांच्या निकालावरच्या अपिलातही तीनच्या वर जाता येत नाही. तरी अभिप्रायात 'कठोरातील कठोर शिक्षा' असा ठोकळा मजकूर येतोच. तो थांबवा.

अपील कुठे व्हावे, याचेही दाखले आहेत. सौरभ बक्षी प्रकरणात अपघाती मृत्यूसाठी झालेली एक वर्षाची शिक्षा पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने भोगलेल्या 24 दिवसांवर आणली. राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2015 मध्ये ती सहा महिने झाली. सुरत-नागपूर महामार्गावर रोज जीव मुठीत धरून जाणाऱ्या आमच्या भागाला त्याचे मोल कळते. पॉक्सोसारख्या (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्यात किमान शिक्षा ठरलेली असताना तिच्याहून कमी दिली गेली, तर विचार करायला जागाच नाही. अपील झालेच पाहिजे.

आमची मागणी अशी. नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी पडावा. सरकारी वकिलांचा अभिप्राय 15 दिवसांत यावा. त्यात गुन्ह्याची कमाल-किमान शिक्षा, दिलेली शिक्षा, न्यायाधीशांनी दिलेली कारणे आणि त्यांतली नेमकी चूक एवढे असावे. न्यायाधीशाने दुसरा तर्कसंगत पर्याय निवडला, एवढ्यावर अपील नको. 60 दिवसांची मुदत असेल तिथे विभागाने 40व्या दिवसापर्यंत, आणि 30 दिवसांची असेल तिथे ती संपण्याआधी, हो किंवा नाही ठरवावे. 'नाही' असेल तर पीडिताला कारणांसह लेखी कळवावे, तेही मुदत संपण्याआधी. मुदतीनंतर अपील फक्त किमान शिक्षा डावलल्याच्या प्रकरणांत व्हावे. आरोपी आदिवासी असेल तर नोटिशीसोबत मोफत वकिलाचा हक्कही कळवावा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार अनुसूचित जमातीला उत्पन्नाची अट नाही.

यासाठी कायदा बदलावा लागत नाही, आपल्या विभागाचे एक परिपत्रक पुरे आहे. ते दिवाळीच्या सुटीआधी काढावे, कारण सुटीत अडकलेल्या फायलीच सर्वांत आधी मुदतीबाहेर जातात.

आपले,
खान्देशातील फौजदारी वकील