तक्रार पत्र : चार सेवा, चार तिकिटं आणि एकच वाकलेली फायबर

प्रति,
मा. प्रमुख,
ग्राहक सेवा आणि नेटवर्क संचालन विभाग

विषय : एकाच फायबरवरचा फोन, टीव्ही, इंटरनेट आणि वाय-फाय कॉलिंग वारंवार बंद पडणे, तसेच बिघाड न काढता चारही तक्रारी बंद केल्याबद्दल

महोदय / महोदया,

गेले अकरा आठवडे आमच्या घरातून फोन लागतो, पण आमच्याकडे फोन येत नाही. कस्टमर केअरला हे मी निदान वीस वेळा तोंडी सांगितलं असेल, आता लेखी देते आहे. आम्ही बाहेर लावलेला फोन पहिल्या फटक्यात लागतो, आवाजही स्वच्छ येतो. बाहेरून लावणाऱ्याला मात्र कधी रिंग मिळते, कधी ‘संपर्क होऊ शकत नाही’ असं ऐकू येतं. टीव्हीचं चित्र मधूनच चौकोन-चौकोन होऊन थांबतं. इंटरनेट मिनिटभर जातं आणि परत येतं. घरात मोबाइलची रेंज कमी असल्याने मोबाइलचे कॉल आम्ही वाय-फायवरून घेतो, म्हणजे तेही याच फायबरवरून. ते बोलता बोलता तुटतात.

यासाठी मला चार वेगळी डॉकेट, म्हणजे तक्रारीची तिकिटं, घ्यावी लागली, कारण आपल्याकडे चार वेगळी खाती आहेत. फोनच्या खात्याने सांगितलं, सर्व्हरवर तुमचा नंबर रजिस्टर्ड दिसतो. टीव्हीवाले म्हणाले, आमच्याकडून सिग्नल पूर्ण आहे. इंटरनेटवाल्यांनी सकाळी स्पीड टेस्ट घेतली आणि पूर्ण वेग मिळतोय म्हणून तक्रार मिटवली. मोबाइलवाल्यांचं म्हणणं, वाय-फाय आमच्या अखत्यारीत येत नाही. चारही वेळा ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे’ असा मेसेज आला. दोनदा तर तो आला तेव्हा फोन बंदच होता.

मी वही ठेवली आहे. उभे चार रकाने : फोन, टीव्ही, नेट, मोबाइल. डावीकडे वेळ. अकरा आठवड्यांत एकूण ४१ नोंदी झाल्या आणि त्यांतल्या ३८ ओळींत चारही रकान्यांत खूण आहे. टीव्हीचं चित्र थिजतं त्याच मिनिटाला नेट जातं, त्याच मिनिटाला मोबाइलचा कॉल तुटतो, आणि तिथून पुढे फोन येणं बंद होतं. वहीचं कोणतंही पान उघडा, बिघाड एकच आहे हे कोणालाही कळेल. आपल्या चार खात्यांनी तो चार ठिकाणी पाहिला आणि प्रत्येकाला तो आपल्याकडे नसल्याचं दिसलं.

हे सगळं मी हवेत बोलत नाही. टेलिफोन एक्स्चेंजच्या टेस्ट डेस्कवर मी एकतीस वर्षं काम केलं आहे. तांब्याच्या जोडीचा जमाना होता. तक्रार आली की आम्ही एमडीएफवरून, म्हणजे एक्स्चेंजमधल्या सगळ्या लाइन जिथे जोडलेल्या असतात त्या चौकटीवरून, ती लाइन टेस्टला घ्यायचो, तारेचं इन्सुलेशन बघायचो, लूप म्हणजे जोडीचं मंडल पूर्ण आहे का ते बघायचो, लाइनमनला खांबावर पाठवायचो. ग्राहकाच्या घरून लाइनमनचा ‘ओके’ येईपर्यंत डॉकेट टेस्ट डेस्कच्याच नावावर राहायचं. ते दिवस परत आणा असं मी म्हणत नाही. आजचं नेटवर्क त्याच्या कितीतरी पुढे आहे आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. आयटीयूने, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने, डिसेंबर २००४ च्या वाय.२००१ या शिफारशीत नव्या पिढीच्या नेटवर्कची व्याख्या केली. त्यातलं मुख्य तत्त्व असं की सेवा वेगळी आणि ती वाहून नेणारं नेटवर्क वेगळं, त्यामुळे माहितीचे लहान तुकडे, म्हणजे पॅकेट, वाहणाऱ्या एकाच नेटवर्कवरून सगळ्या सेवा देता येतात. हे तत्त्व उत्तम आहे. पण याचा दुसरा अर्थ असा की वाहतुकीच्या थरात कुठे खोट निघाली तर ती वरच्या प्रत्येक सेवेत वेगळ्या रूपात दिसणार. मग खालचा थर आणि वरच्या सेवा एकत्र बघणारा एक तरी माणूस आपल्याकडे असायला नको का?

डायल टोनचंच उदाहरण देते, कारण दोन वेळा माझी तक्रार त्यावरच बंद झाली. आलेल्या माणसाने रिसीव्हर उचलला, टोन ऐकला आणि ‘लाइन चालू’ असं लिहिलं. जुन्या एक्स्चेंजमध्ये तो टोन एक्स्चेंजमधूनच यायचा, त्यामुळे टोन आला की लाइन शाबूत हे नक्की होतं. आता तो घरातला बॉक्स स्वतःच तयार करतो. बॉक्सच्या मते त्याची सर्व्हरकडची नोंदणी (आमचा नंबर कोणत्या पत्त्यावर सापडेल, ही आपल्या फोन-सर्व्हरवरची नोंद) वैध असेल तर तो टोन देत राहतो, मग सर्व्हर बिचारा जुन्या पत्त्यावर हाका मारत का असेना. माझा अंदाज असा : फायबर क्षणभर तुटली की बॉक्सला परत येताना नवा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळतो, पण फोनची नोंदणी जुन्याच पत्त्यावर राहते आणि मुदत संपेपर्यंत बॉक्स ती पुन्हा करत नाही. ही मुदत बऱ्याच ठिकाणी ३६०० सेकंद, म्हणजे एक तास ठेवलेली असते. शेजाऱ्यांच्या फोनवरून दर पाच मिनिटांनी आमचा नंबर लावून पाहिला, तेव्हा सर्वांत मोठा खंड ५५ मिनिटांचा निघाला. आमचे जाणारे कॉल लागत राहतात, कारण तिथे सुरुवात बॉक्स करतो. आणि आपल्या फोन-खात्याला नंबर ‘रजिस्टर्ड’ दिसतो, तोही खोटा नाही. नोंद आहेच, फक्त पत्ता मेलेला आहे.

अशाच एका खंडात माझ्या आईने आम्हाला सहा वेळा फोन केला. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, एकटी राहते, आणि तिला तोंडपाठ असलेला एकच नंबर म्हणजे आमचा घरचा. न्हाणीघरात तिचा पाय घसरला होता. कशीबशी सरकत ती फोनपर्यंत आली आणि सहाही वेळा तिने तेच ऐकलं, संपर्क होऊ शकत नाही. शेवटी भिंतीवर वाटी आपटून तिने शेजारच्यांना जागं केलं. मनगटावर निभावलं. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, ‘फोन काढून टाकलात का गं?’ त्या वेळी आपल्या यंत्रणेत माझी तक्रार ‘निकाली’ होती.

आता चौथ्या भेटीबद्दल. त्या दिवशी आलेला तरुण मुलगा खरोखर चांगला होता, आणि या पत्रामुळे त्याला कोणताही त्रास होऊ नये अशी माझी विनंती आहे. त्याने न सांगता पॉवर मीटर काढला. आमच्या सॉकेटवर आकडा आला उणे २७.८ डीबीएम. डीबीएम हे प्रकाशाच्या शक्तीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. जी-पॉन, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटण्याची पद्धत, हिच्या बी-प्लस वर्गात घरातल्या ओएनटीच्या, म्हणजे त्याच बॉक्सच्या, रिसीव्हरची मर्यादा उणे २७ आहे, म्हणजे आमचा बॉक्स अगदी काठावर नव्हे, काठाच्या पलीकडे उभा होता. मग तो जिन्यातल्या डक्टकडे, म्हणजे केबल वर नेणाऱ्या कपाटाकडे, गेला. दार उघडलं. दहा-बारा घरांच्या फायबर एकाच प्लॅस्टिकच्या पट्ट्याने आवळून बांधलेल्या होत्या. आमची पिवळी फायबर त्या पट्ट्याखालून करंगळीपेक्षाही लहान वळण घेऊन वर गेलेली. दार लावलं की दाराची कड नेमकी त्याच वळणावर टेकत होती. मी सॉकेटपाशी मीटर धरून उभी राहिले आणि त्याने तिकडे बोटाने ते वळण जरा सैल केलं. आकडा सरकत सरकत उणे २२.९ वर आला. त्याने बोट काढलं, पुन्हा उणे २७.८. दर ३ डीबीला प्रकाशाची शक्ती निम्मी होते. म्हणजे एका बोटाच्या अंतराने आमच्या घरी येणारा दोन-तृतीयांश प्रकाश बाहेर सांडत होता. अकरा आठवड्यांचा बिघाड त्या मुलाने दहा मिनिटांत दाखवून दिला.

आणि तो दुरुस्त न करता त्याला परत जावं लागलं. त्याला ऑर्डर होती बॉक्स बदलण्याची. पट्टा कापून फायबर नव्याने लावणं हे दुसऱ्या टीमचं काम, इतर घरांच्या फायबरना हात लावायची त्याला मुभा नाही. त्यासाठी फायबर टीमच्या नावाने तिकीट हवं. ते तिकीट उघडायला मी फोन केला, तर उत्तर मिळालं की आपलं इंटरनेट चालू दिसत असल्याने फायबरची तक्रार नोंदवता येणार नाही. मीटरचा फोटो पाठवू का विचारलं, तर फोटो जोडायची सोय त्या खात्याकडे नाही. त्या रात्री मी खूप वेळ जागी होते. बिघाड सापडत नाही तेव्हा माणूस धीर धरतो. सापडलेला बिघाड तसाच सोडून दिला जातो तेव्हा धीर धरणं कठीण जातं.

खरं तर कोणी घरी यायचीही गरज नव्हती. बॉक्स स्वतःचा प्रकाशाचा आकडा मोजतो आणि तो आपल्या यंत्रणेला दुरून वाचता येतो. बॉक्सची वीज गेली तर बंद पडण्याआधी तो उरल्यासुरल्या चार्जवर एक शेवटचा संदेश पाठवतो. त्यामुळे वीज गेली की फायबर तुटली, हे तिथे बसून ओळखता येतं. तरी दर फोनला मला पहिला प्रश्न असतो, ‘घरात लाइट आहे का?’ ४१ वेळा आमची जोडणी तुटली आणि एकदाही तो संदेश गेला नसणार, कारण वीज एकदाही गेली नव्हती. नेटवर्क व्यवस्थापनाची जुनी पंचसूत्री आहे : दोष, रचना, हिशेब, कामगिरी आणि सुरक्षा. यातल्या पहिल्याच सूत्रात अलार्म गोळा करून त्यांचं मूळ शोधणं येतं. आपल्याकडे अलार्म गोळा होत असतील, पण चार खात्यांच्या चार पडद्यांवर. ते एकमेकांशेजारी ठेवून बघण्याचं काम मी स्वयंपाकघरात बसून वहीत केलं.

त्या भेटीत बॉक्स मात्र बदलला गेला, कारण ऑर्डर तशी होती. त्याने नवीन दुखणं सुरू झालं. घरात कोणी फोटो किंवा व्हिडिओ अपलोड करायला लागलं की पलीकडच्याला आमचं बोलणं तुटक ऐकू येतं, आम्हाला त्यांचं नीट येतं. फोनच्या आवाजाला लागतं ते किती? साध्या कोडेकला, म्हणजे आवाजाचे आकडे करणाऱ्या पद्धतीला, सेकंदाला ६४ किलोबिट आणि ५० लहान पॅकेट. त्यांना रुंद रस्ता नको, रांगेत पुढे जागा हवी. एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं आयटीयूची जी.११४ शिफारस सांगते. जुन्या बॉक्समध्ये आवाजाला अग्रक्रम होता, नव्या बॉक्समध्ये ती सेटिंग चढवायची राहिली असावी, असा माझा कयास आहे. बॉक्स बदलला की त्याबरोबर ग्राहकाच्या सगळ्या सेवांची रचना तपासायची, हे कोणाच्या तरी कामाच्या यादीत असायला हवं. जोडणीच्या वेळी ते एकदा झालं होतं, मग बदलताना का नाही?

बिलाबद्दल थोडक्यात. फोन बंद होता त्या दिवसांची सूट मागितली, तर सांगितलं की पॅकेजमध्ये फोन मोफत असल्यामुळे सूट शून्य. विकताना आपण ‘चारही सेवा एकत्र’ म्हणून विकल्या होत्या आणि मी त्या एकत्रच विकत घेतल्या. फोन चालणार नाही असं तेव्हा सांगितलं असतं तर मी हे पॅकेज घेतलंच नसतं. पॅकेजच्या भाड्यातून रास्त वाटा परत मिळावा, ही माझी मागणी आहे.

बाकी मागण्या अशा. माझी चारही डॉकेट पुन्हा उघडून एकात मिळवावीत आणि त्या एका डॉकेटवर एका माणसाचं नाव असावं, ज्याला मी नावाने फोन करू शकेन. डक्टमधला तो पट्टा फायबर टीमने कापावा, आमची फायबर मोकळ्या वळणाने लावावी आणि काम संपल्यावर दार लावलेल्या स्थितीत सॉकेटवरचा आकडा मला लिहून द्यावा. त्या पट्ट्याखालच्या बाकीच्या घरांचेही आकडे तपासावेत, कारण त्यांच्यातलं कोणी वही ठेवत नसेल. जोडणी तुटून परत आली की फोनची नोंदणी लगेच नव्याने व्हावी, अशी सेटिंग बॉक्समध्ये करावी आणि आवाजाचा अग्रक्रम परत चढवावा. तक्रार बंद करण्याआधी बाहेरच्या नंबरवरून आमच्या घरी कॉल लावून पाहावा. डायल टोनवर ती बंद करू नये.

आणखी एक गोष्ट, जी मी जोडणीच्या दिवशीच विचारायला हवी होती. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून ४८ व्होल्ट मिळायचे, म्हणून घरात अंधार असला तरी फोन वाजायचा. फायबरमधून वीज येत नाही. वीज गेली की आमचा फोन, आणि घरात रेंज नसल्याने मोबाइलही, दोन्ही एकदम मुके होतात. हे जोडणीच्या वेळी मला कोणी सांगितलं नाही. बॉक्ससाठी बॅटरी देण्याची आपली काही योजना असेल तर कळवावी. नसेल तर तसंही स्पष्ट लिहावं, म्हणजे मी माझी सोय बघेन आणि आईकडे दुसरा एखादा नंबर लिहून ठेवेन.

वहीच्या सर्व पानांच्या प्रती, मीटरच्या दोन्ही आकड्यांचे फोटो आणि तक्रार बंद केल्याचे चारही मेसेज सोबत जोडले आहेत. सात दिवसांत लेखी उत्तर मिळावं. आपला माणूस डक्टपाशी येईल तेव्हा मी घरी असेन, मीटर धरायला.

आपली,
एक ग्राहक