जुने संगणक निर्लेखित करण्याआधी पेनड्राइव्ह लावून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शाळा, ग्रामपंचायती आणि गावोगावच्या वाचनालयांतले पुष्कळ चालते संगणक आता भंगाराच्या यादीत जातील. तसे होऊ नये म्हणून हे पत्र. केरळमधल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे लिनक्स या मोफत संगणक प्रणालीवर चालतात, आपल्याकडेही ते जमण्यासारखे आहे.

लिनक्सचे अनेक प्रकार आहेत, त्यातला निवडताना आधी रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) पाहावी. ४ जीबी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी, विंडोजची सवय असलेल्यांना ती परकी वाटत नाही. २ जीबीवर लुबुंटू चालते, पण मी तिथेही अँटिक्सच सुचवेन. १ जीबी असेल किंवा प्रोसेसर ३२-बिट असेल तर अँटिक्स २३ घ्यावी. डेबियन या लिनक्सच्याच प्रकारात आवृत्ती १३ पासून ३२-बिटचा इन्स्टॉलरच बंद झाला आहे आणि मिंट, लुबुंटू केवळ ६४-बिट आहेत. इंटेलचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर ६४-बिट असतो, तो उगाच जुन्यात काढू नये.

अँटिक्स सुरू झाल्यावर जेमतेम दोन-अडीचशे एमबी रॅम घेते. मात्र ब्राउझर हलका होत नाही. फायरफॉक्समध्ये चार टॅब उघडले की १ जीबीचे यंत्र अडकते. यूट्यूब बहुधा व्हीपी९ किंवा एव्ही१ प्रकारचा व्हिडिओ पाठवते. तो उलगडण्याची सोय जुन्या ग्राफिक्स चिपमध्ये नसते, सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि चित्र तुटत राहते. वर्गात दाखवायचे व्हिडिओ एच.२६४ प्रकारच्या एमपी४ फाइलमध्ये आधीच उतरवून व्हीएलसीवर लावावेत. २५६ जीबीपर्यंतची साधी साटा एसएसडी (हार्डडिस्कऐवजी लावायची चिपवरची डिस्क) बसवली तर त्याच यंत्राचा वेग जेवढा वाढतो, तेवढा दुसऱ्या कशानेही वाढत नाही.

आयएसओ फाइल (प्रणालीची पूर्ण प्रत) अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी, तिचा चेकसम (फाइल अखंड उतरली का ते सांगणारा आकडा) जुळतो का ते पाहावे आणि रुफस या सॉफ्टवेअरने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी. यंत्र सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे) दाबून पेनड्राइव्ह निवडावा. हार्डडिस्कला हात न लावता प्रणाली चालून दिसते. वायफाय, आवाज आणि प्रिंटर तेव्हाच तपासून घ्यावेत. सर्वात मोठे नुकसान होते ते त्यापुढे: ‘इरेज डिस्क’ निवडले की सी ड्राइव्हबरोबर डी ड्राइव्हही जातो. दाखले, हजेरीपट, फोटो आधी बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय त्या बटणाला हात लावू नये.

किनाऱ्यावरच्या यंत्रांचे दुखणे वेगळे. खाऱ्या दमट हवेने रॅमच्या पट्टीवर थर चढतो आणि यंत्र नुसते बीप देत बसते. वायर काढावी, कॅबिनेटच्या धातूला हात लावून स्थिर वीज घालवावी, पट्टीची सोनेरी टोके मऊ खोडरबराने पुसून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करावीत. दुसरी गोष्ट मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ सेलची. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेचा मेन स्विच बंद असतो, तेवढा काळ घड्याळाचा भार एकट्या सेलवर पडतो आणि जुना सेल बसतो. तारीख पंधरा वर्षे मागे गेली की ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला असुरक्षित म्हणतो, अपडेटही नाकारले जाते. लोक लिनक्सला दोष देतात, उपाय मात्र एका स्वस्त सेलचा असतो.

मराठी टंकलेखनासाठी आयबस आणि एम१७एन ही पॅकेजे टाकून त्यात मराठी इनस्क्रिप्ट हा कळफलक निवडावा. कृतिदेव किंवा श्रीलिपीतली जुनी पत्रे लिबरऑफिसमध्ये निरर्थक रोमन अक्षरांसारखी उघडतात, कारण ते फाँट युनिकोड नाहीत. ती विंडोज काढण्यापूर्वीच युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवावीत.

ग्रामपंचायतीच्या ज्या संगणकावर डिजिटल स्वाक्षरीचे पेनड्राइव्हसारखे टोकन चालते, तो मात्र बदलू नये. टोकनची सॉफ्टवेअरे बहुधा विंडोजसाठीच बनवलेली असतात. तिथे विंडोज ११ चालणारे एक नवे यंत्र घ्यावे आणि बाकीची लिनक्सवर न्यावीत. प्रिंटरचेही तसेच. एचपीचे बहुतेक लेझर प्रिंटर एचपीलिप या लिनक्सवरच्या सॉफ्टवेअरने चालतात, काहींना वेगळे प्लगइन उतरवावे लागते. कॅननचा एलबीपी २९००, जो आपल्याकडे ऑफिसागणिक दिसतो, तो कॅप्ट ड्रायव्हरशिवाय छापत नाही आणि तो ड्रायव्हर बसवणे कटकटीचे आहे. म्हणून जिल्हा परिषदेने पुढच्या प्रिंटर खरेदीच्या निविदेत ‘लिनक्सवर चालणारा’ ही अट घालावी, आणि निर्लेखनाच्या प्रस्तावासोबत पेनड्राइव्हवर केलेल्या चाचणीचा निकाल जोडणे बंधनकारक करावे.

आपला,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, देवगड