ग्राफ्टन सॅक्सोफोन: दोष आवाजाचा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या वाद्यांच्या संग्राहकांत ग्राफ्टन सॅक्सोफोनचा विषय निघाला की ‘प्लॅस्टिकचा, म्हणजे स्वस्तातला आणि बेसूर’ हा शेरा हमखास येतो. तो अन्यायाचा आहे. शिवाय या वाद्याची खरी अडचण त्यामुळे झाकली जाते.

लंडनवासी इटालियन हेक्टर सोमारुगा यांनी रचलेला हा आल्टो (मध्यम आकाराचा, उंच स्वराचा) सॅक्सोफोन १९५० मध्ये बाजारात आला. पितळी पत्रा वळवायचा, झाळायचा, त्यातून स्वररंध्रांच्या कडा ओढून काढायच्या, ही सगळी मेहनत टाळण्यासाठी त्याचे अंग हस्तिदंती रंगाच्या ॲक्रिलिक प्लॅस्टिकमध्ये साच्यातून काढले होते. मान (माउथपीस बसतो ती वरची वाकडी नळी) आणि चाव्या धातूच्याच. किंमत ५५ पौंड, म्हणजे पितळी आल्टोच्या जवळपास निम्मी. सॅक्सोफोनचा स्वर मुख्यतः आतल्या शंकूचा आकार, माउथपीस आणि रीड (त्यावर बसणारी, फुंकल्यावर कंप पावणारी पातळ पट्टी) यांवर ठरतो. भिंत कशाची आहे याला फार कमी महत्त्व. जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांनी १५ मे १९५३ रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये ग्राफ्टनच वाजवला. त्या मैफलीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, ऐकून खात्री करावी. दुसरे जॅझवादक ऑर्नेट कोलमन यांनीही तो आवडीने वापरला.

अडचण आहे ती यंत्रणेत आणि दुरुस्तीत. पितळी वाद्यात चावी उचलणारी सुईसारखी पोलादी स्प्रिंग चावी धरणाऱ्या खांबाच्या बारीक छिद्रात ठोकून बसवतात. ग्राफ्टनमध्ये त्याऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत. बोटांना चाव्या वेगळ्या लागतात, आणि स्प्रिंग तुटली तर नेहमीची सुई-स्प्रिंग तिथे चालत नाही. त्याच जाडीची तार गुंडाळून नवी करावी लागते. पितळेला पोचा पडला तर आतून गोळा फिरवून काढता येतो. ॲक्रिलिकला पोचा पडत नाही, थेट तडा जातो.

दुरुस्तीला देताना कारागिराला तीन गोष्टी आधी सांगाव्यात. पॅड (स्वररंध्र झाकणारी चावीतली गादी) चिकटवणारी लाख मऊ करायला चावी वाद्यावर असतानाच खालून ज्योत धरण्याची सवय असते, ती इथे घातक आहे. ॲक्रिलिक साधारण १०५ अंश सेल्सियसला मऊ पडते आणि ज्योत त्याहून कितीतरी तापलेली असते. म्हणून चावी सुटी करून दूर तापवावी, ती थंड झाल्यावरच परत चढवावी आणि पॅड नीट टेकतो का ते पातळ कागदाची पट्टी त्याच्या कडेभोवती सहा-आठ जागी अडकवून, ओढून पाहावे. दुसरे, स्पिरिट, थिनर, ॲसिटोन किंवा पितळेचे पॉलिश अंगाला लागू देऊ नये. जुन्या ॲक्रिलिकमध्ये ताण साठलेला असतो. द्रावक लागताच केसासारख्या भेगांचे जाळे उमटते आणि ते पुसून जात नाही. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ सुती कापड एवढे पुरते. तिसरे, स्क्रू फक्त बसेपर्यंत फिरवावा. पितळेइतका आवळला की तडा तिथूनच सुरू होतो.

विकत घेणाऱ्याने घंटेची (वाद्याच्या पसरट तोंडाची) कड, चाव्यांवरची संरक्षक आवरणे आणि पट्ट्याच्या कडीभोवतीचा भाग तिरप्या उजेडात तपासावा. पार्कर यांचा ग्राफ्टन १९९४ मध्ये लंडनच्या लिलावात ९३,५०० पौंडांना गेला, पण ती किंमत पार्कर यांची. त्यावरून इतर ग्राफ्टनचा भाव लावू नये.

तुटलेला तुकडा, कितीही लहान असला तरी, टाकून देऊ नये. १९६० च्या दशकाअखेर उत्पादन थांबले आणि साचे मोडीत निघाले. नवा भाग घडवायला माप त्या तुकड्यावरूनच मिळेल.

आपला,
एक वाद्यदुरुस्ती कारागीर, पुणे